शंभरात अकरा निळ्या

प्रिय घुमे,

सगळ्यात आधी एक वाक्य वाच, मग हवं तर पत्र बाजूला ठेवून चहा करून घे. तुझे आकडे बरोबर होते. शंभरातल्या अकरा पेशी निळ्या, बाकीच्या एकोणनव्वद जिवंत, असं तू एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलं होतंस ना, ते अगदी तसंच होतं. मी स्वतः मोजलंय. एकदा नाही, चौदा वेळा. माझ्या डिशमध्ये कधी नऊ आल्या, कधी तेरा, आणि एकदा तर चक्क अकरा आल्या. तेव्हा मी मायक्रोस्कोपवरून उठले, लॅबमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा मोजायला बसले. अकराच होत्या.

हे फोनवर सांगता आलं असतं, एवढं मलाही कळतं. पण तू फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि तुझ्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझी उमेदीची तीन वर्षं गेलेली आहेत. घुमी हे नाव काय उगीच पडलं का तुझं? शिवाय मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे, आणि त्यात एक भाग असा आहे की तो सांगत असताना तू नुसती गप्प राहिलीस तरी मी शेपूट घालीन आणि हवापाण्यावर बोलायला लागेन. इतकी वर्षं आपण तेच तर केलं. वाढदिवसाला तू 'शुभेच्छा' पाठवायचीस, मी 'आभारी' म्हणायचे, आणि सहा महिन्यांनी उलट. तेव्हा कागदच बरा. कागद मध्येच 'हं' म्हणत नाही.

आठवतं का आपलं ते दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड? खोली एक, खिडकी एक, खुर्ची एक आणि माणसं दोन. खुर्चीवरून भांडायचं तर दोघींनी बोलावं लागतं, म्हणून ते भांडण कधी झालंच नाही. खुर्चीवर मी, आणि तू खाटेवर पाय पोटाशी घेऊन वाचत बसलेली. माझ्या बाजूला टॉवेलवर टॉवेल, चपला भिंतीला समांतर. तुझ्या बाजूला पुस्तकं, एकेकटे पडलेले मोजे, सफरचंदाचं वाळून काडी झालेलं देठ आणि या सगळ्याखाली कुठेतरी तुझा चष्मा. रोज सकाळी मी तुझा पसारा आवरायचे, आणि रोज सकाळी तू पुटपुटायचीस की आता मला काही म्हणून सापडणार नाही. मला वाटायचं, काय कृतघ्न मुलगी आहे ही! तेव्हापासून तू मला मुकादम म्हणायला लागलीस. पुढे अख्खी लॅब म्हणायला लागली. खरं सांगू का, मला ते आवडायचं.

तू संशोधनाला शिशाच्या विषयाकडे का आलीस, हे लॅबमध्ये फक्त मला माहीत होतं. तुझे बाबा जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायच्या कारखान्यात पंचवीस वर्षं भट्टीवर होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. शर्टाची बटणं तू लावून द्यायचीस. बोलता बोलता त्यांचा एखादा साधाच शब्द हरवायचा, चमचा किंवा दार असला काहीतरी, आणि ते ओशाळं हसायचे. आणि त्याच भट्टीवर, तितकीच वर्षं काढलेले त्यांचे एक जोडीदार मात्र ठणठणीत! ते बाबांना भेटायला यायचे तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढायचे. शिसं दोघांच्याही रक्तात होतं. मग एकाचा मेंदू तग धरतो आणि दुसऱ्याचा का नाही? आत कोण कुणाला वाचवतं? हा एवढाच प्रश्न घेऊन तू आली होतीस. मी आले होते, कारण मला दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता.

सरांनी आपल्याला एकच टेबल दिलं आणि एकच इन्क्युबेटर. बशीएवढ्या डिशमध्ये आपण मेंदूतल्या दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवायचो. एक चेतापेशी, ज्यांच्या जोरावर आपण आठवतो, बोलतो, बटणं लावतो, आणि ज्या महा नाजूक. दुसऱ्या तारापेशी, चांदणीसारखे फाटे फुटलेल्या. त्यांना तेव्हा आपल्या लॅबमध्ये निम्मे लोक नुसता भराव समजायचे. वर गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं खाणंपिणं. त्यात मोजून शिसं घालायचं. शिसं पेशीत शिरलं की आतला प्राणवायू बिथरतो आणि पेशी आतल्या आत गंजत जाते, हे आपल्याला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी निळा रंग घालायचा. मेलेली पेशी रंग आत घेते आणि निळी होते, जिवंत पेशी त्याला दारातूनच परत पाठवते. मग शंभर चेतापेशी मोजायच्या आणि त्यांतल्या निळ्या किती ते लिहायचं. काम एवढंच, पण मान मोडून जायची.

नुसत्या चेतापेशी असलेल्या डिशमध्ये शंभरातल्या सत्तर मरायच्या, ते सगळ्यांचंच यायचं. पण सोबतीला तारापेशी असलेल्या डिशमध्ये तू लिहिलंस, अकरा. पुन्हा केलंस, दहा. पुन्हा केलंस, अकरा. सर खुर्चीतून उठून तुझ्या टेबलापाशी आले होते आणि सर खुर्चीतून उठले हीच बातमी दिवसभर लॅबभर फिरत होती. तू नेहमीसारखी गप्पच होतीस, पण त्या दिवशी जिना उतरताना तू शीळ घातलीस. तुला शीळ येते हे मला तेव्हा कळलं.

मग सरांचा नियम. कुठलाही मोठा निकाल दुसऱ्या माणसानं स्वतंत्रपणे करून दाखवायचा. दुसरा माणूस मी. मी डोळ्यांत तेल घालून केलं गं सगळं. रोज सकाळी ठोक्याला आठ वाजता हजर. जुनं मीडियम नळीनं अलगद ओढून सिंकमध्ये टाकायचं, ताजं गुलाबी घालायचं, शिसं घालायच्या दिवशीसुद्धा आधी ताजं मीडियम आणि मगच शिसं. माझ्या पेशींइतकं खाणंपिणं तर आपलंही वेळेवर होत नव्हतं. अडुसष्ट निळ्या आल्या. मग बहात्तर. मग सत्तर. तारापेशी असून नसल्यासारख्या. तिसऱ्या खेपेला तू माझ्या मागे उभी होतीस. अगं, पण माझ्या जगल्या होत्या, एवढंच तू म्हणालीस, आणि तेही माझ्याकडे न बघता मायक्रोस्कोपकडे बघून.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल मी कधी कुणाजवळ बोललेले नाही. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं, रक्तातलं शिसं बाहेर काढायचे उपचार चालू होते, आणि तू निम्मा दिवस तिकडेच असायचीस. इकडे तिघांची समिती बसली. त्यांनी तुझी पद्धत आणि माझी पद्धत शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. कागदावर केसाचाही फरक नव्हता. पेशी त्याच, शिसं तेच, मीडियम बदलायच्या वेळा त्याच, मग आकडेच तेवढे वेगळे कसे? 'खोटं' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही, इतकी ती सभ्य माणसं होती. तुला आत बोलावून विचारलं, सगळं नोंदींप्रमाणेच केलं होतंस ना? तू मान डोलावलीस. तुझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं, कारण दवाखान्यातली भेटायची वेळ संपत आली होती. 'आकडे विश्वसनीय नाहीत' असा शेरा तुझ्या फाइलवर पडला, आणि आठवड्याभरात तू गाशा गुंडाळलास. मी तुझी पुस्तकं आकाराप्रमाणे लावून खोक्यात भरून दिली. जिन्यात तू एकदा तरी मागे वळून बघशील असं वाटलं होतं. तू बघितलं नाहीस आणि मला हायसं वाटलं होतं, हे मी आज कबूल करते.

मी तिथेच राहिले. आता विभागप्रमुख आहे, टेबलावर नावाची पाटी आहे आणि पाटी टेबलाच्या कडेला समांतर आहे. तारापेशींना भराव म्हणायचे दिवस केव्हाच गेले. त्या जहरी धातू स्वतःत ओढून घेतात आणि बांधून ठेवतात, हे जगातल्या कितीतरी लोकांनी दाखवलं. त्या ग्लुटाथिओन नावाचा एक पदार्थ बनवतात, गंज रोखणारा, आणि तो भोवताली सोडत राहतात. चेतापेशींना तो एकट्यानं पुरेसा बनवता येत नाही, कच्चा माल कमी पडतो. मग शेजारणीनं सोडलेल्या ग्लुटाथिओनचे तुकडे उचलून त्या आपली सोय करतात. हे मी दर वर्षी शिकवते. फळ्यावर चांदण्या काढते, बाण दाखवते, परीक्षेला प्रश्नही घालते. आणि तरी एकोणीस वर्षांत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्या चित्रापाशी आले की दर वेळी तुझी आठवण यायची आणि मी घाईनं फळा पुसायचे.

मग पाच महिन्यांपूर्वी माझी कंबर धरली. काही पराक्रम करताना नव्हे, पेनाचं टोपण उचलायला वाकले आणि तशीच राहिले. नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी मिळून मला कपाटासारखं उचलून घरात आणलं. तीन दिवस मी सतरंजीवर उताणी. लॅबमध्ये वर्गासाठी दोन्ही पेशी एकत्र वाढवलेल्या डिश होत्या, म्हणून मी आमच्या लॅब असिस्टंटला फोन केला. पंचावन्न वर्षांचा गृहस्थ आहे, सगळे त्याला उद्याराव म्हणतात. का ते तुला सांगायला नको. रोज सकाळी आठ वाजता मीडियम बदला, असं मी त्याला बजावलं. हो मॅडम, बदललंच समजा, असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून मी वर्गावर उभी राहिले. शिसं पेशींना कसं मारतं, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. सकाळचं मीडियम उद्यारावनं बदललंच असेल असं मी धरून चालले; मला वाकता येत नव्हतं म्हणून शिसं मुलांनीच घातलं, मी लांबून हुकूम सोडले. दुसऱ्या दिवशी निळा रंग घातला आणि मी ऐटीत सांगितलं की आता मोजा, शंभरात साधारण सत्तर निळ्या दिसतील. पहिल्या बाकावरची मुलगी मोजून म्हणाली, मॅडम, दहा. मी म्हटलं, नीट मोज. तिनं नीट मोजल्या. मॅडम, दहाच. मग मी तिला उठवलं, कण्हत कुंथत स्टुलावर बसले आणि डोळा लावला. काय सांगू तुला! लांबच लांब धागे, एकमेकींना धरलेले, कुठे तुटलेले नाहीत, गाठाळलेले नाहीत. चेतापेशी तुकतुकीत बसल्या होत्या आणि त्यांच्याखाली चांदण्यांचा गालिचा होता. हे दृश्य मी आधी एकदाच पाहिलं होतं, तुझ्या खांद्यावरून.

वर्गाला मी काहीतरी थातुरमातुर सांगून वाटेला लावलं. आधी वाटलं, शिशाची बाटली खराब झाली असेल. नुसत्या चेतापेशींच्या दुसऱ्या डिशवर घालून बघितलं, पेशी पटापट मेल्या. शिसं चोख होतं. मग उद्यारावला बोलावलं आणि विचारलं की मीडियम किती वाजता बदलत होतात. त्यानं एक हात मानेमागे नेला. मॅडम, उद्या बदलणारच होतो, असं म्हणाला. मी त्याला फाडून खायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण शिसं घालायच्या आधी दोन-दोन दिवस मीडियम न बदललेलं आणखी एक माणूस मला माहीत होतं. ते कसं माहीत, हे सांगतेच, पण शेवटी. मला एवढी सवलत दे.

त्यानंतरचे चार महिने मी पुन्हा पंचविशीतल्यासारखी राबले. दोन दिवसांचं जुनं, पिवळट झालेलं मीडियम ओढून घेतलं आणि ते दुसऱ्या डिशवर घातलं, शिसं दिलं, पेशी जगल्या. ताजं घातलं, सत्तर निळ्या. जुन्या मीडियममध्ये ग्लुटाथिओन मोजलं, भरपूर. ताज्यात शून्य. तारापेशींचं ग्लुटाथिओन बनवणं औषध घालून बंद पाडलं, तर त्यांचं जुनं मीडियमही कुचकामी. मग कशातच शंका उरली नाही. त्या बिचाऱ्या दोन दिवस खपून शेजारणींसाठी जे साठवत होत्या, ते मी रोज सकाळी आठ वाजता, टापटिपीनं, एकही थेंब न सांडता सिंकमध्ये ओतत होते. आणि वर म्हणत होते की या तारापेशी कुणाला वाचवत नाहीत! पेशींना बोलता आलं असतं तर त्यांनी मला हात जोडून सांगितलं असतं की बाई, तू जरा घरी बस.

ज्या दिवशी शेवटचा आकडा जुळला त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. मी शीतपेट्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. बाहेर उद्याराव हवालदिल होऊन उभा होता. त्याला वाटलं, आपली नोकरी गेली. त्याला मी अजून पूर्ण गोष्ट सांगितलेली नाही. तो हल्ली रोज आठाच्या ठोक्याला मीडियम बदलतो, आणि मला त्याला थांबवायला धावत जावं लागतं.

मग मी सरांकडे गेले. ते आता फार कमी ऐकतात, गच्चीवर कुंड्या लावतात. सगळी हकिगत मला ओरडून सांगावी लागली, चौथ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या बिऱ्हाडांना तारापेशींचं काम आता नीट कळलेलं असेल. सरांनी सगळं ऐकून घेतलं. तिचा प्रश्न चांगला होता, उत्तराची घाई आपण केली, असं ते म्हणाले. मग बराच वेळ एका कुंडीतली माती उगीचच उकरत बसले आणि निघताना त्यांनी तुझा पत्ता मागितला. त्यांचं पत्र आलं तर फाडू नकोस. म्हातारा माणूस आहे, त्याला खरंच लागलंय.

तुझा पत्ता माझ्याकडेही जुनाच होता, म्हणून मागच्या आठवड्यात तुझ्या घरी फोन केला. तो बाबांनी उचलला. आवाज काय खणखणीत आहे गं त्यांचा! मला ओळखलं आणि मुकादमबाई म्हणून हाक मारली. एक्याऐंशी वर्षांचा झालोय, बटणं माझी मी लावतो, आणि टीव्हीचा रिमोट कुणाला देत नाही, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. एकही शब्द हरवला नाही. खरी बातमी मी त्यांना सांगितली नाही, ती आधी तुला कळायला हवी. पण तू कामगारांच्या दवाखान्यात रक्तातलं शिसं मोजतेस, हे मला त्यांच्याकडून कळलं. बाकीचे एकेक नमुना एकदा मोजून घरी जातात आणि तू प्रत्येक नमुना तीन-तीनदा मोजत बसतेस, हेही त्यांनीच सांगितलं. आमची पोरगी स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा विश्वास ठेवत नाही, असं ते म्हणाले. ते कौतुकानं म्हणाले होते. मला वाटायचं, तू आमच्यावर रागावून गेलीस. तू स्वतःवरच संशय घेऊन गेलीस, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

आता ते शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. समितीनं तुझी वही मागितली तेव्हा तू दवाखान्यात होतीस. तुझं अक्षर कुणाच्या बापाला लागत नाही, म्हणून सरांनी ती मला सुवाच्य उतरवून द्यायला सांगितली. आकडे मी जसेच्या तसे उतरवले, त्यात काना-मात्रा बदलली नाही. पण मीडियम बदलल्याच्या रकान्यात, तिन्ही प्रयोगांत, शिसं घालायच्या आदल्या दिवसाची आणि त्या दिवसाची अशा दोन-दोन चौकटी तू रिकाम्या ठेवल्या होत्यास. बाबांना दवाखान्यात ठेवण्याआधीच्या तपासण्यांचे दिवस होते ते. तू सकाळी लॅबला आली नव्हतीस आणि जे केलं नाही ते लिहिलंही नव्हतंस. मला वाटलं, हे समितीला दिसलं तर म्हणतील, ही पेशींना उपाशी ठेवून बाहेर फिरते, आणि तुला काढून टाकतील. तुला वाचवायचं म्हणून मी त्या सहाही चौकटींत 'मीडियम बदलले' असं लिहून टाकलं. छान, गोल अक्षरात. त्यामुळेच आपल्या पद्धती कागदावर तंतोतंत जुळल्या, आणि त्या जुळल्या म्हणूनच तू खोटी ठरलीस. याहून वाईट ऐक. तू समितीपुढे मान डोलावलीस, तेव्हा जी खाडे लपवते ती आकडेही जमवत असेल, असं मी मनात धरून बसले. खाडे तू लपवलेच नव्हतेस, लपवले मी, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. न केलेल्या गुन्ह्याबद्दल मी तुला एकोणीस वर्षं मोठ्या मनानं माफ करत आले! त्या सगळ्या नोंदींत खोट्या नोंदी सहाच आहेत, आणि त्या सहाही माझ्या अक्षरात आहेत. तुझी मूळ वही संस्थेच्या तळघरातल्या कपाटात सापडली. मंगळवारी मी ती आणि माझी सुवाच्य प्रत संचालकबाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि माझा जबाब लेखी दिला. आता माझी चौकशी होईल. माझ्या पाटीचं काय व्हायचं ते होवो, मी मात्र त्या खोलीतून बाहेर पडले ती कंबर कधी धरलीच नव्हती अशी चालत. तुझ्या फाइलवरचा शेरा खोडायला त्या तयार आहेत, पण अर्ज ज्याचा त्यानंच करावा लागतो. तो सोबत जोडलाय. माझ्यावर हवं तितकं रागाव, महिनाभर बोलू नकोस, तुला ते काही जड नाही. माफीचं सावकाश बघ, नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. पण उद्यापासून एक नमुना इतरांसारखा एकदाच मोज, आणि अर्ज मात्र आजच पाठव. तो मी सगळा भरलाय. तुझ्या सहीची चौकट तेवढी रिकामी आहे, आणि या खेपेला मी ती रिकामीच ठेवली आहे.

तुझीच,
मुकादम